कान झाकण्याच्या आधी

आमची सई नऊ वर्षांची आहे. ऑटिस्टिक आहे, मराठीत स्वमग्न म्हणतात. बोलते, वाचते, नकाशे काढते, आणि कोल्हापुरात कुठल्या गल्लीतून कुठे निघता येतं हे तिला माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक आहे. पण आवाज, उजेड, वास, गर्दी हे सगळं एकदम अंगावर आलं की तिला सोसवत नाही. मग ती असेल तिथे खाली बसते, डोकं गुडघ्यांत घालते, किंचाळते, जवळ येईल त्याला ढकलते. यालाच मेल्टडाउन म्हणतात. त्या अवस्थेत समजावून काही उपयोग नसतो. आपले शब्द तिच्या कानावर पडतात, पण आत पोचत नाहीत.

मला लिहायचंय ते त्याच्या आधीच्या वेळेबद्दल. कधी तो तासभर असतो, कधी दहाच मिनिटं. त्या वेळात मूल बरंच काही सांगत असतं, पण ते अंगाने सांगतं, आणि आपण पाहुण्यांत, खरेदीत, रांगेत गुंतलेले असतो. नुकतंच निदान झालेल्या मुलांचे आईबाप भेटतात तेव्हा बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अचानक झालं हो, काहीच कारण नव्हतं." मी ते आता मान्य करत नाही. कारण असतं. आणि अचानक तर फार क्वचित होतं.

सई अडीच वर्षांची असताना हाकेला ओ देत नव्हती, म्हणून बालरोगतज्ज्ञांनी आधी बेरा करून घ्यायला सांगितली. मुलाला झोपवून, डोक्याला तारा लावून, आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात ती तपासणी. रिपोर्ट नॉर्मल आला. घरात आम्हाला त्याचा अंदाज होताच, कारण हाकेला न बघणारी हीच पोर शेजारच्यांचा मिक्सर लागला की पलंगाखाली जायची. पुढे निदान झालं, सरकारी रुग्णालयात आयएसएएची, म्हणजे ऑटिझम मोजण्याच्या भारतीय मापनश्रेणीची, चाळीस मुद्द्यांची चाचणी झाली, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं. त्या चाळीस मुद्द्यांत संवेदनांचा एक वेगळा भाग आहे हे मला तेव्हा कळलं. वेदना न जाणवणं, वस्तू हुंगून किंवा चाटून बघणं, आवाज-स्पर्श वाजवीपेक्षा जास्त टोचणं, असं सगळं त्यात येतं.

ही गोष्ट काही काल-परवा सापडलेली नाही. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ज्या ११ मुलांचं वर्णन केलं, त्यातसुद्धा व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, वाहतं पाणी, गॅसची शेगडी यांनी हादरून जाणारी मुलं आहेत. तरी संवेदनांना मिळणारा कमी किंवा जास्त प्रतिसाद निदानाच्या निकषांत स्पष्टपणे लिहिला गेला तो डीएसएमच्या, म्हणजे मानसविकारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या अमेरिकन पुस्तकाच्या, पाचव्या आवृत्तीत, २०१३ साली. मधल्या सत्तर वर्षांत 'हट्टी' म्हणून किती मुलांनी मार खाल्ला असेल, या विचाराने मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

आमच्या ओटी मॅडमनी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टनी, सुरुवातीच्या भेटींत सईपेक्षा आम्हा दोघांनाच जास्त शिकवलं. डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा ही पाच ज्ञानेंद्रियं आपल्याला शाळेत शिकवतात. मॅडमनी त्यात तीन गोष्टींची भर घातली. एक, तोल. दुसरी, सांध्यांना आणि स्नायूंना कळणारा दाब. तिसरी, शरीराच्या आतून येणाऱ्या खबरा, म्हणजे भूक, लघवी, पोटदुखी, छातीतली धडधड. सईचे कान आणि नाक फार तिखट आहेत. दाब मात्र तिला कमी कळतो, म्हणून ती कोपऱ्यात घुसून बसते, जड पांघरूण मागते, भिंतीला पाठ लावते. आणि आतल्या खबरा तिच्यापर्यंत उशिरा पोचतात. भूक लागल्याचं तिला हातपाय कापायला लागल्यावर समजतं. एकाच मुलात एक बाजू जास्त आणि दुसरी कमी असू शकते, हे कळल्यावर तिच्या वागण्यातल्या बऱ्याच गाठी सुटल्या.

मॅडमनी एक काम दिलं. म्हणाल्या, "मेल्टडाउन कसा झाला ते लिहू नका. त्याच्या मागचे दोन तास लिहा."

सईची आई पतसंस्थेत आहे, रकाने आखायची तिला सवय. तिने शंभर पानी वही घेतली. रात्री झोप कशी झाली, पोट साफ झालं का, शेवटचं खाणं कधी, कपडे कुठले, कुठे होतो, आवाज कसले, वास कसले, कोण भेटलं, असे रकाने. आणि शेवटचा रकाना, सई काय करत होती. बाकीच्या रकान्यांतून लवकरच काही गोष्टी वर आल्या. बद्धकोष्ठ असेल त्या आठवड्यात मेल्टडाउन वाढायचे. नवीन नायलॉनच्या झालरीचा फ्रॉक असेल त्या दिवशी तिला बाजारातला निम्मा वेळसुद्धा सोसवायचा नाही. लक्ष्मीपुरीत मिरचीच्या दुकानांवरून गेलो की संध्याकाळ अवघड जायची. पण शेवटच्या रकान्यात पानामागून पान एकच शेरा होता, "शांत बसली होती", "काही त्रास नव्हता", "शांत होती".

त्याचा उलगडा सईच्या मामाच्या लग्नाच्या शूटिंगमधून झाला.

लग्न मंगल कार्यालयात होतं. जेवणाच्या पंगतीत वाढप्याच्या हातातून स्टीलचं भांडं फरशीवर पडलं आणि सईचा मेल्टडाउन झाला, चांगलाच मोठा. सगळ्यांनी सांगितलं, भांडं पडलं म्हणून पोर घाबरली. महिन्याभराने फोटोग्राफरने पेन ड्राइव्ह दिला. आम्ही दोघं रात्री टीव्हीला लावून बघत बसलो, नवरानवरीकडे नव्हे तर मागच्या बाजूला, जिथे जिथे सई दिसेल तिथे थांबवत.

अक्षतांच्या आधीच्या दृश्यात ती खुर्चीवर बसून पाय हलवत होती आणि मामेभावाला छताची झुंबरं मोजून दाखवत होती. मंगलाष्टकं सुरू झाली, मग वाजंत्री, बाहेर फटाक्यांची माळ. पुढच्या दृश्यात तिच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या टोकांवरून फिरत होता. ही तिची नेहमीची सवय आहे, तर्जनीपासून करंगळीपर्यंत आणि परत, सावकाश. इथे मात्र तो भराभर फिरत होता आणि करंगळीपाशी पोचला की तिथेच दाबून थांबत होता. खांदे कानांच्या दिशेने वर गेलेले. मी चित्र थांबवून जवळ जाऊन बघितलं, तिच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. त्यानंतरच्या दृश्यात पाय हलायचे थांबलेले, हात मांडीवर, नजर गालिच्यावर खिळलेली. खुर्चीच्या मागे हाताच्या अंतरावर स्पीकर. एक मावशी वाकून तिच्या गालाला हात लावतात आणि त्यांचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू येतो, "किती गुणाची पोर आहे गं तुझी! एका जागी बसलीय."

त्यानंतर ती उठते आणि भिंतीला हात लावून, टाचा उचलून चालत जाते. पंगतीत फ्रॉकचा गळा तोंडात धरलेला, आणि कुणी काही बोललेलं नसताना हसते आहे. समोरचा पाहुणा तिला हसताना बघून स्वतःही हसतो. मग भांडं पडतं.

एवढ्या सगळ्या वेळात सईने एकदाही कान झाकले नव्हते. हात कानांवर गेले ते भांडं पडल्यावर. आणि आम्ही सगळे इतके दिवस कान झाकण्याचीच वाट बघत होतो, कारण ऑटिझमच्या प्रत्येक पोस्टरवर कान झाकलेलं मूल असतं. सईच्या बाबतीत ती सर्वांत शेवटची खूण आहे. वहीत आम्ही इतके दिवस जे 'शांत' लिहीत होतो, तीच मधली पायरी होती.

मी वायरमन आहे. घरांची, दुकानांची वायरिंगची कामं घेतो. त्यामुळे मला हे एमसीबीवरून, म्हणजे बोर्डावरच्या आपोआप पडणाऱ्या खटक्यावरून, नीट समजलं. एमसीबी दोन तऱ्हांनी पडतो. शॉर्ट सर्किट झालं तर क्षणात, चुंबकाने. लोड थोडासाच जास्त असेल तर मात्र आतली दोन धातूंची पट्टी हळूहळू तापते, वाकते आणि बऱ्याच वेळाने खटका पडतो. घरातले लोक शेवटी लावलेल्या इस्त्रीला दोष देतात, पण गीझर, पंप आणि एसी तासभर आधीपासून चालू असतात. आणि पट्टी गार व्हायच्या आत खटका वर करायला गेलं तर तो राहत नाही. पंगतीतलं भांडं ही इस्त्री होती. मेल्टडाउननंतर लगेच "चल, आता झालं ना, जेवून घे" म्हणणं का चालत नाही, तेही मला यातूनच उमगलं.

मग आम्ही शेवटचा रकाना नव्याने भरायला लागलो. सईच्या अंगावरच्या खुणा एकामागून एक जमत गेल्या आणि त्यांचा साधारण क्रमही लक्षात आला.

सगळ्यांत आधी बदलतं ते उत्तराला लागणारं अंतर. "सई, पाणी हवं?" विचारलं की एरवी ती लगेच हो किंवा नको म्हणते. भार चढायला लागला की ती माझ्याकडे बघते, थांबते, मग उत्तर देते. आणखी चढला की "पाणी हवं" असं माझंच वाक्य माझ्याच सुरात परत येतं. त्याही पुढे गेलं की एसटी स्टँडवरची सूचना, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे", पुन्हा पुन्हा. लोकांना ते गमतीचं वाटतं. आम्ही तोवर चप्पल घातलेली असते.

दुसरी खूण हातात. आता मी बाहेर गेल्यावर तिचा हात धरतो तो रस्ता ओलांडण्यापुरता नसतो. तळवा कोरडा आहे की ओला, गार आहे की गरम, हे मला हवं असतं. हिवाळ्यातसुद्धा तळव्याला घाम फुटलेला असेल तर मी घड्याळ बघतो. डोळ्यांकडेही लक्ष असतं. भरपूर उजेडात बाहुल्या मोठ्या दिसल्या, किंवा ती समोर न बघता डोळ्याच्या कडेने बघायला लागली, तर थांबायचं.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. हात हलवणं, डोलणं, अंगठा फिरवणं याला स्टिमिंग म्हणतात, आणि काही ठिकाणी ते बंद करायला शिकवतात. मला हे मुळीच पटत नाही. सई आनंदात असते तेव्हाही हात फडफडवते, पण तेव्हा मनगटं सैल असतात आणि ती माझ्याकडे बघत असते. भार चढलेला असतो तेव्हा मनगटं ताठ असतात, हालचाल छोटी, वेगवान आणि शरीराजवळ. हालचाल बंद पाडली तर मुलाचा आधार जातोच, शिवाय आपल्याला ताण दाखवणारा काटाही हातचा जातो. बघायचा तो फक्त बदल.

शाळेतली खूण आम्हाला तिच्या वर्गशिक्षिकेने दाखवली, आणि ती सगळ्यांत उपयोगी पडली. शाळेत सई कधीच मेल्टडाउन होऊ देत नसे. घरी आल्यावर दप्तर टाकायच्या आत सुरू व्हायचं. "शाळेत तर शहाण्यासारखी असते, घरीच का असं करते?" हा प्रश्न सईच्या आईने किती जणांकडून ऐकला असेल! त्यात 'तुमचंच काहीतरी चुकतंय' हे न बोलता बोललेलं असतं. खरं तर मूल दिवसभर दात आवळून सगळं धरून ठेवतं आणि जिथे धोका नाही तिथे सोडतं. बऱ्याच ऑटिस्टिक मुलांच्या घरी हे आहे.

बाईंनी आम्हाला बोलावून सईची मराठीची वही उलटी धरली आणि म्हणाल्या, "इथं बोट फिरवून बघा." पहिल्या तासाच्या पानाची मागची बाजू गुळगुळीत होती. तिसऱ्या तासाच्या पानावर अक्षरं पाठीमागे उमटलेली, बोटाला लागत होती. मधल्या सुट्टीनंतरच्या पानावर पेन्सिल इतकी दाबलेली की काना आणि वेलांटीच्या जागी कागद फाटायला आला होता, आणि तेच तेच शब्द खोडून पुन्हा लिहिलेले. अक्षर मात्र सुंदर. वर लाल शाईत 'छान' असा शेरा. मधल्या सुट्टीत पत्र्याच्या शेडखाली अख्खी शाळा डबा खाते, तो आवाज आणि चाळीस डब्यांचे वास ती अंगावर घेऊन वर्गात येत होती आणि पेन्सिलीतून बाहेर काढत होती. दाब शोधण्याची तिची गरज त्या कागदावर छापली गेली होती.

तेव्हापासून संध्याकाळी दप्तर उघडलं की मी आधी पानांच्या पाठीवर बोट फिरवतो. पाठ खरखरीत असेल त्या दिवशी बाजार नाही, पाहुणे नाहीत, केस धुणं नाही. सई येते, तिची खोली थोडी अंधारी केलेली असते, ताटलीत कुरकुरीत काहीतरी असतं, भाजलेले शेंगदाणे नाहीतर खाकरा, आणि अर्धा तास तिला कुणी काही विचारत नाही. घरी आल्याआल्या होणारे मेल्टडाउन यानेच सर्वांत जास्त कमी झाले. बाईंनी शाळेत मधल्या सुट्टीची जागा बदलून दिली. सई आता दोन मैत्रिणींबरोबर वाचनालयाच्या पायरीवर डबा खाते. हे मागताना आम्हाला कुणाच्या उपकाराची भावना ठेवायची गरज नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे, त्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि शाळेने मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यायची हे त्यात लिहिलेलं आहे. पण कायदा दाखवायची वेळच आली नाही. बाईंना वही वाचता येत होती.

त्याच वर्गात माझ्या धंद्याचाही उपयोग झाला. सईच्या बाकावरची ट्यूब जुन्या तांब्याच्या चोकवर होती. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. बहुतेकांना ते जाणवत नाही. चोकची घरघर तर आपण ऐकूनही ऐकत नाही. मोबाइलचा कॅमेरा ट्यूबकडे धरला तर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात, हे कुणीही करून बघू शकतं. आतलं सर्किट (ड्रायव्हर) हलक्या प्रतीचं असेल तर एलईडीतही ते दिसतं. मुख्याध्यापकांना विचारून मी एका रविवारी त्या ओळीतल्या फिटिंग बदलल्या. सगळ्याच मुलांना दिव्याचा त्रास असतो असं मी म्हणणार नाही. सईला होता, कारण त्यानंतर डोळ्याच्या कडेने फळा बघणं तिने सोडलं.

खूण ओळखल्यावर करायचं काय? आमच्या घरी पहिला नियम म्हणजे बोलणं कमी करायचं. आपण काळजीने "काय झालं? बरं वाटत नाही का? घरी जाऊया का? थांब, आईला हाक मारते" असा पाऊस पाडतो. प्रत्येक शब्द म्हणजे आणखी एक आवाज. आता आमच्यात एकच वाक्य आहे, "सई, बाहेर." आणि तिच्यासमोर हात उघडा धरायचा, ओढायचं नाही. दुसरी गोष्ट, हलका स्पर्श टाळायचा. पाठीवरून अलगद फिरवलेला हात तिला नकोसा होतो, पण ती स्वतःहून टेकली तर घट्ट मिठी हवी असते. आणि शक्य असेल तर वजन उचलायला द्यायचं. भाजीची जड पिशवी, पाण्याची पाच लिटरची बाटली, घरी असेल तर भाकरीचं पीठ मळायला. ओझं उचललं, ढकललं, ओढलं की तिच्या सांध्यांना जो दाब मिळतो त्याने तिचा भार उतरतो. मॅडमनी याचं कारण समजावताना जीन एअर्स यांचं नाव घेतलं होतं. सेन्सरी इंटिग्रेशनची, म्हणजे मेंदू सगळ्या संवेदना एकत्र कशा जुळवतो याची, मांडणी त्यांचीच, आणि त्या स्वतः ओटी होत्या.

कानांवरचे मफ माझ्याकडे आधीपासून होते, भिंतीत हॅमर ड्रिल मारताना मी वापरतो तसलेच. लहान मापाचे तिच्यासाठी आणले. पण ते दिवसभर चढवून ठेवायचे नाहीत, गरजेपुरतेच, हे मॅडमनी बजावलंय, नाहीतर साधे आवाजही टोचायला लागतात. आम्ही ते अंगठा वेगाने फिरायला लागला की देतो. भार पुरता चढल्यावर दिले तर ती भिरकावून देते.

घरच्यांना हे पटवायला वेळ गेला, पण माझी आई सगळ्यांत आधी तयार झाली. तिला लिहिता-वाचता फारसं येत नाही. ती रविवारी सईच्या डोक्याला तेल लावते. एकदा मला म्हणाली, "अरे, पोरीची पायाची बोटं बघ. आखडून घेतली की समजायचं, आता पुरे." मी बघितलं तर खरंच. शूटिंगमध्ये पायात बूट होते म्हणून आम्हाला दिसलं नव्हतं. गणपतीत आरतीच्या वेळी झांजा वाजायला लागल्या की आई सईच्या पायांकडे बघते. गेल्या काही वर्षांत आमच्या घरची आरती टाळ्यांवर होते, झांज गॅलरीत जाऊन वाजवायची आणि कापूर खिडकीपाशी. हे आईनेच ठरवलं, आणि कुणी नाक मुरडलं तर तीच उत्तर देते, "देवाला ऐकू येतंय की!"

विसर्जनाच्या दिवशी आम्ही शहरात थांबत नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत छापलेली आहे, आणि त्या दिवशी आमच्या खिडकीच्या काचा थरथरत असतात. सकाळीच राधानगरीकडे आमच्या गावी जातो. गणपती बघायला सईला आवडतं, फार आवडतं, म्हणून मंडळांच्या मूर्ती आम्ही दुपारी दोन-तीनच्या सुमाराला बघतो. स्पीकर बंद असतात, कार्यकर्ते पेंगत असतात, आणि ती प्रत्येक मूर्तीचा मुकुट निवांत न्याहाळते. तिला जगापासून लांब ठेवायचं हा आमचा हेतू कधीच नव्हता. खुणा कळायला लागल्यापासून आम्ही उलट जास्त फिरतो, कारण निघायचं कधी ते माहीत असतं.

एक गोष्ट मात्र नव्या पालकांना मी पुन्हा पुन्हा सांगतो. ही यादी सईची आहे, तुमच्या मुलाची करावी लागेल. आमच्या पालकांच्या गटातल्या एका मुलाचा आवाज चढत जातो, तो पळायला लागतो, दारातल्या चपला जोड्या लावून मांडतो आणि "आता किती वाजले?" हे दर मिनिटाला विचारतो. त्याला धावताना बघून लोक म्हणतात, दंगा करतोय. एका मुलीला जांभया येतात. एक मुलगा बोलत नाही, तो भार चढला की आईच्या दंडाला नाक लावून हुंगत राहतो. मेल्टडाउनऐवजी काही मुलं पूर्ण मिटतात. हालत नाहीत, बोलत नाहीत, डोळे उघडे असतात पण आपल्याला ओळख देत नाहीत. त्या मुलांचा त्रास तेवढाच असतो, फक्त कुणाला दिसत नाही, आणि मुलींच्या बाबतीत तर 'लाजाळू आहे' म्हणून विषयच मिटतो. मोबाइलवरचे घरगुती व्हिडिओ काढून मागची दृश्यं बघा, एवढं एक काम मी प्रत्येकाला देतो. आणि एक ताकीदही. टक लावून शून्यात बघणं वारंवार होत असेल, मूल हाकेला आणि स्पर्शालाही काही सेकंद दाद देत नसेल, तर ते आपल्या मनाने संवेदनांच्या खात्यात टाकू नका, डॉक्टरांना दाखवा. ऑटिझमबरोबर फिट्सचा आजारही काही मुलांत असतो.

या वर्षात सईच्या खुणा बदलायला लागल्या आहेत. अंगठा फिरवणं जवळपास थांबलंय. वर्गातल्या एका मुलीने तिची नक्कल केली, तेव्हापासून. ती आता दातांत गालाची आतली बाजू धरते. बाहेरून काहीच दिसत नाही, जेवताना तिखट लागलं की कळतं. मॅडम म्हणाल्या, वय वाढेल तसं मुलं खुणा लपवायला शिकतात, आणि लपवण्याचाही भार असतोच. त्यामुळे आता आम्ही तिने स्वतः ओळखावं यावर काम करतोय. कंपासपेटीत एक पिवळं कार्ड आहे, ते बाकावर ठेवलं की बाई काही न विचारता तिला पाण्याच्या टाकीपर्यंत पाठवतात. पूर्वी कार्ड आम्ही किंवा बाई सुचवायचो. दिवाळीनंतर एकदा तिने ते स्वतःहून घरीच टेबलावर ठेवलं, फोडणीचा धूर भरला होता तेव्हा.

जूनमध्ये नवा वर्ग, नव्या बाई. त्यांना द्यायचं पान सईच्या आईने लिहायला घेतलं तर सई म्हणाली, मी सांगते. पहिला मुद्दा तिने सांगितला, "काय झालं असं विचारू नका." दुसरा, "मी हसत असले तरी बघा." तिसरा मुद्दा पंख्याच्या आवाजाबद्दल आहे. तो पंखा मी सुट्टीत उतरवून बेअरिंग बदलून देणार आहे. पानाच्या तीन प्रती काढल्यात, एक नव्या बाईंना, एक मुख्याध्यापकांना आणि एक रिक्षावाल्या मामांना. मामांनी ती लॅमिनेट करून आरशामागे लावली आहे.